घरच्यांना पावती नाही

५ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

हे पत्र तुझ्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवते आहे, घरच्या नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि मेसेज करावा तर तुझा फोन सदानकदा तुझ्या लेकीच्या हातात. पुस्तकं देता-घेता मधल्या वेळात वाच. कुणी विचारलंच तर सांग, नणंदेचं पत्र आहे. पुढे कुणी काही विचारत नाही.

आधी आनंदाची बातमी. तुझा नवरा दानशूर निघाला. तो माझा धाकटा भाऊ असूनही हा गुण मला काल ग्राहक आयोगाच्या कचेरीत, त्याच्या प्रतिज्ञापत्रातून कळला. 'सदर गीझर मी माझ्या सख्ख्या बहिणीस प्रेमापोटी भेट दिला असून त्याबद्दल कोणताही मोबदला घेतलेला नाही.' खाली सही त्याचीच, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली. 'प्रेमापोटी' हा शब्द त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. कंपनीच्या वकिलाने टाइप करून समोर ठेवला, तेव्हा कुठे उमटला.

हा वकील प्रत्येक वाक्याआधी खाकरतो, म्हणून मी त्याचं नाव घसा ठेवलं आहे. घसा म्हणाला, "जो मोबदला देतो तो ग्राहक. भेट मिळालेल्या वस्तूचा कुणी ग्राहक होत नाही. बाईंकडे बिल नाही, आणि विकणारा स्वतःच म्हणतो की भेट दिली. सबब तक्रार उंबरठ्यावरच फेटाळावी."

उंबरठ्यावर फेटाळणं म्हणजे काय, ते नीट समजून घे. म्हणजे गीझर उघडायचाच नाही. पाणी तापल्यावर आपोआप बंद होणारा गीझर त्या सकाळी बंद का झाला नाही, नळ उघडताच ह्यांच्या, म्हणजे तुझ्या भावोजींच्या, हातावर उकळतं पाणी आणि वाफ एकदम का कोसळली, हे कुणी तपासायचंच नाही. कंपनीच्या उत्तरात लिहिलं आहे की यंत्र निर्दोष होतं आणि जे झालं तो योगायोग. आम्ही वर्गात ह्याला काकतालीय न्याय म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. फक्त इथे कावळा कंपनीचा, फांदीही कंपनीची, आणि खाली तुझ्या भावोजींचा उजवा हात.

कातडी भरून आली. बोटं मात्र आखडली ती आखडलीच. कवळ्या करणाऱ्या माणसाला मेणात एकेक दात बसवायचा असतो, आणि त्यांना सध्या सदऱ्याचं बटण बसवता येत नाही.

आता जे फक्त तुला आणि मला माहीत आहे ते. गीझर घ्यायला मी तुझ्या नवऱ्याच्या दुकानात गेले तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, घरच्यांना पावती नाही आणि घरच्यांकडून पैसे नाहीत." पहिला नियम आमच्या वडिलांचा. त्यांच्या कापडाच्या दुकानात नातेवाइकाला पावती फाडून देणं म्हणजे 'तुझा भरवसा नाही' असं तोंडावर सांगणं होतं. दुसरा नियम चिरंजीवांनी स्वतः जोडला. मी नेहमीसारखी मान डोलावली, आणि नेहमीसारखी तुमच्या स्वयंपाकघरात येऊन पुरी किंमत तुझ्या हातावर ठेवली. तू म्हणालीस, "ताई, ह्यांना कळू देऊ नका." मी म्हटलं, "नाही कळणार." पैसे कशाला हवेत हे मी विचारलं नव्हतं. तूच सांगितलंस, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला. तुझ्या माहेराशी तो भांडून बसला आहे, आणि त्याचं भांडण म्हणजे मुरलेलं लोणचं, जितकं जुनं तितकं त्याला प्रिय, हे मला वेगळं सांगायला नको.

तर मोबदला दिला गेला. तो कुणी घेतला हे सांगू शकेल असं माणूस जगात एकच आहे, आणि ते आत्ता पुस्तकांवर शिक्के मारतं आहे.

एक प्रतिज्ञापत्र हवं आहे. तुझं. पानभर.

तुझी,
ताई


१४ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझी चिठ्ठी मिळाली. वाचनालयाच्या 'पुस्तक परत करा' या छापील कार्डाच्या पाठीवर लिहिलेली. 'ताई, मला ह्यात ओढू नका. माझा संसार आहे.' सूत्रमय लेखन मला आवडतं, पण सूत्रावर भाष्य करायची खोडही मला आहे. संसार माझाही आहे. तो सध्या डाव्या हाताने चहा ढवळतो.

रागावू नकोस. तुला वाईट वाटावं म्हणून लिहिलं, पण थोडंच वाटावं.

परवा संध्याकाळी तुझा नवरा येऊन गेला. तुला सांगितलं नसेलच. चपला न काढता दाराजवळच्या खुर्चीवर बसला. आपल्याच बहिणीच्या घरी वसुलीला आलेल्या माणसासारखा.

"ताई, तू तक्रारीत लिहिलंस की पैसे दिलेस."

"दिले."

"मला?"

"तुला दिले असं कुठे लिहिलंय? वाचत जा जरा."

"मग कुणाला? दुकानाच्या गल्ल्याला हात फुटले?"

"हात नाही, तोंड फुटायला हवं होतं. माझं काम झालं असतं."

"चेष्टा पुरे. नाव सांग."

वहिनी, मी गप्प राहिले. मला गप्प बसता येतं, हा त्यालाही धक्काच होता.

"म्हणजे भरपाईसाठी माझी बहीण खोटं बोलते, असंच लोकांना सांगू?"

"सांगितलंस की. शिक्क्यासकट."

मग तो उठला आणि खोलीत फेऱ्या मारू लागला. म्हणाला, "बिनबिलाचा माल विकला असं लिहून दिलं असतं तर कंपनीने दुसऱ्या दिवशी एजन्सी काढून घेतली असती. दुकानातला अर्धा माल त्यांचा आहे. त्यांचा माणूस कागद घेऊनच आला होता. मी त्याला बजावलंय, ताईला काहीतरी द्या, तिला रिकाम्या हाताने पाठवू नका. तुला मिळेल, मलाही जगता येईल. तू एवढा हट्ट सोड."

"आणि गीझर?"

"काय गीझर?"

"तो कोण उघडणार?"

तेवढ्यात तुझे भावोजी आतून पाण्याचा पेला घेऊन आले. डाव्या हाताने धरलेला, त्यामुळे वाटेत थोडं सांडलं. "घे रे," म्हणाले, जणू काही झालंच नाही. तुझ्या नवऱ्याने त्यांचा उजवा हात तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याला टेकलेली असतात, ती उघडत नाहीत. त्याने पाणी घेतलं नाही. दारापर्यंत गेला आणि तिथून परत म्हणाला, "नाव सांग ना, ताई." ह्या वेळी आवाज चढलेला नव्हता. मी मान हलवली. तो मोठा श्वास सोडून जिना उतरला. रागाचा असणार. मी तसाच धरला.

आता एक गोष्ट, जिचा खटल्याशी संबंध नाही. तुमच्या न्हाणीघरात तोच गीझर आहे. तोच आकार, तीच पांढरी टोपी, तोच लाल दिवा. आमचाही लाल दिवा त्या सकाळी अगदी वेळेवर विझला होता, म्हणून तर भावोजींनी बेधडक नळ सोडला. दिवा विझला तरी आत पाणी उकळत होतं. तुझी लेक शाळेच्या घाईत कशी आंघोळ करते, हे मी पाहिलेलं आहे.

बंद ठेव तो. साक्ष दे किंवा नको देऊस, पण तो बंद ठेव. चुलीवर पाणी तापवून आंघोळी करून आपली पिढी वाढलीच आहे, जेमतेम का होईना.

ताई


२३ सप्टेंबर

वहिनी,

'प्रिय' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात येईल. खाडाखोड करून काढलेलं नाही. पत्र संपेपर्यंत सुचलं तर वर लिहीन.

काल माझी उलटतपासणी झाली. वकील न करता माणसाला स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, ही ह्या कायद्याची मोठी मेहरबानी, आणि माझ्यासारखीच्या हातात पडली की आयोगाला तेवढीच शिक्षा. व्हरांड्यात भिंतभर फलक आहे. ग्राहकाला सुरक्षित वस्तू मिळण्याचा हक्क, माहितीचा हक्क, निवडीचा हक्क, म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क. बाकावर बसून मी तो इतक्यांदा वाचला की मुलींच्या परीक्षेला लावता येईल. भावजयीला दिलेल्या शब्दाबद्दल त्यात एक अक्षर नाही.

घशाने सुरुवात गोड केली. "बाई, आपण संस्कृत शिकवता?"

"हो."

"म्हणजे सत्याचं महत्त्व मी आपल्याला सांगायला नको."

"नको. पण तुमच्या तोंडून ऐकायला मजा येईल."

आयोगाच्या अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बाई किरकोळ देहाच्या आहेत, पण नजर अशी की माझा अख्खा वर्ग तिच्यापुढे चिडीचूप बसेल. मीही बसले.

"पैसे दिले म्हणता. रोख?"

"रोख."

"पावती?"

"घरच्यांना पावती देत नाहीत, अशी आमच्या घरात रीत आहे."

"छान रीत आहे. पैसे कुणाच्या हातात दिले?"

वहिनी, खोलीत पंखा होता, त्याचा आवाज त्या क्षणापर्यंत मला ऐकू आला नव्हता. तुझा नवरा मागच्या बाकावर होता. मी वळून पाहिलं नाही. जिभेवर तुझं नाव होतं, आणि त्याच जिभेने 'नाही कळणार' म्हटलं होतं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

घसा पहिल्यांदाच न खाकरता बोलला. "उत्तर नाही, असं नोंदवून घ्यावं."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाई, तुमच्या नवऱ्याचा हात मी पाहिला आहे. पण हात पाहून मला निकाल देता येत नाही. आधी तुम्ही ग्राहक आहात हे ठरावं लागेल, मग गीझर तपासायला पाठवता येईल. पुढच्या तारखेला तुमच्या भावाला प्रश्न विचारायची मुभा देते. साक्षीदार असेल तर आणा, नाव असेल तर सांगा. नाहीतर आहे त्यावर निकाल देईन."

बाहेर व्हरांड्यात घशाने मला गाठलं. नवीन गीझर, दवाखान्याचा खर्च, वर थोडी रक्कम, आणि 'एक छोटीशी सही'. छोटीशी सही दोन पानांची होती. यंत्रात दोष नव्हता हे मला मान्य आहे, मी ह्याबद्दल कुठेही बोलणार नाही, तक्रार मागे घेते. तुझे भावोजी थकलेले होते. रिक्षात म्हणाले, "घेऊन टाक. तुझा भाऊ वाचेल, वहिनी वाचेल, तूही जरा जेवायला लागशील."

आज सकाळी मात्र ते टेबलापाशी बसले होते. समोर कुणाची तरी वरची कवळी, अर्धी झालेली. डाव्या हाताने दात उचलायचे, उजव्याने मेण दाबायला जायचे, आणि दात वाकडा बसायचा. काढायचे, पुन्हा लावायचे. मी दारात उभी होते ते त्यांना कळलं नव्हतं. शेवटी कवळीवर फडकं टाकलं आणि न बघताच म्हणाले, "नको करूस सही." म्हणजे मी उभी आहे हे कळलेलं होतं.

आता तुझ्याबद्दल. तुला समन्स काढून बोलवावं असा अर्ज मी लिहिला आहे. तो माझ्या पर्समध्ये आहे, अजून दिलेला नाही. हे तुला धमकीसारखं वाटत असेल तर तुझं वाचन उत्तम आहे. पोलिसासारखा माणूस तुझ्या काउंटरवर येऊन कागद देईल, हे चित्र मला नको आहे, पण अर्ज फाडतही नाही.

एक तारखेला सकाळी अकरा वाजता सुनावणी आहे. आलीस तर मी तुला काहीही अडचणीचं विचारणार नाही. पैसे मिळाले एवढंच. कशाला लागले ते विचारायचा हक्क कुठल्याच फलकावर नाही.

नाही आलीस तर मी काय करीन ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. माझ्यासारख्या बाईला हे लिहावं लागतं आहे, ह्यावरून काय ते ओळख.

वरती 'प्रिय' लिहायला गेले, पण शाई संपली. असंच समज.

ताई


१ ऑक्टोबर, दुपार

प्रिय वहिनी,

हे पत्र टपालाने नाही, तुझे भावोजी हातोहात आणून देतील. त्यांना बसायला खुर्ची दे. तुझा नवरा घरी पोचायच्या आत तू हे वाचायला हवं, कारण तो स्वतः काही सांगेल असं मला वाटत नाही. आज त्याचं एका वर्षाचं बोलणं बोलून झालं आहे.

तू आली नाहीस. अकरा वाजले, दार उघडलं की मी वळायचे. एकदा कुणी पाणीवाला, एकदा चुकून आलेले म्हातारे आजोबा. पर्समधला अर्ज मी काढून मांडीवर ठेवला.

तुझा नवरा पिंजऱ्यात उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, दाढी घोटलेली, कान लाल. अध्यक्षबाई म्हणाल्या, "विचारा, बाई." आणि वहिनी, ज्याला मी बोट धरून शाळेत पोचवलं त्याला 'आपण' म्हणून प्रश्न विचारायचा होता. मी टेबल धरलं.

"आपल्या घरी ह्याच कंपनीचा, ह्याच बनावटीचा गीझर आहे?"

"होता."

ह्या उत्तराची मी तयारी केलेली नव्हती. "होता म्हणजे?"

"काढला."

"कधी?"

"दोन आठवडे झाले. बायकोने काढायला लावला. म्हणाली, तो भिंतीवरून उतरेपर्यंत मी पोरीला आंघोळीला पाठवणार नाही."

घसा उभा राहिला. "ह्याचा मोबदल्याशी काहीही संबंध नाही."

"बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "काढताना काही बिघडल्याचं लक्षण दिसलं होतं का?"

"नाही बाई. लक्षण काहीच दिसत नाही. तेच तर आहे." हे बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं की आपण काय बोललो. कंपनीचा माणूस पहिल्या बाकावर होता. त्याने पेनाला टोपण लावलं.

मी पुढे गेले. "इतक्या वर्षांत आपल्या दुकानातून मी अनेक वस्तू नेल्या. पंखा, इस्त्री, मिक्सर. एक तरी वस्तू मी फुकट नेली आहे का?"

घशाने पुन्हा हरकत घेतली, ती फेटाळली गेली. मी प्रश्न परत विचारला. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या मांडीवरून टेबलावर आलेल्या त्या घडी घातलेल्या कागदाकडे बघत होता. त्यात काय आहे हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. पण मला वाटतं, त्याने ओळखलं.

"नाही," तो म्हणाला. "फुकट कधीच नाही नेलं."

"मग हा गीझर…" माझ्या तोंडात पुढचा शब्द आला होता, वहिनी. तुझ्याशी खोटं बोलत नाही. मी तो बोलणार होते.

"थांब ताई." सगळ्या खोलीसमोर, पिंजऱ्यातून, 'ताई'. "पुढचं तू विचारू नकोस. मी सांगतो." आणि अध्यक्षबाईंकडे वळून म्हणाला, "पैसे मिळाले. पुरे मिळाले. ताई मला कधीच देत नाही, मी घेत नाही म्हणून. ती माझ्या बायकोकडे देते. नेहमी तिथेच देते. मला माहीत होतं."

मला बसायला सांगितलं गेलं. मी बसले असणार, कारण नंतर मी बसलेली होते.

"मग हे प्रतिज्ञापत्र?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"कंपनीने लिहून आणलं. मी सही केली."

"खोटं आहे हे माहीत असून?"

"माहीत असून."

घसा सहज हरणारा नाही. तो खाकरला आणि म्हणाला, "पैसे पत्नीकडे दिले. पत्नीने ते दुकानात भरले का? विक्रेत्याला ते मिळालेच नाहीत, तर मोबदला कसला?"

आणि इथे तुझ्या नवऱ्याने जे सांगितलं ते मी शब्दशः देते, कारण हे पत्र मुळात त्यासाठीच आहे. तो म्हणाला, "ते तिच्या हातात पडले की ती किंमत मला पोचली. पुढे त्यांचं काय करायचं ते तिचं. माझ्या सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं त्यातून. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला 'नाही' म्हणावं लागलं असतं. इतकी वर्षं 'नाही' म्हणत आलो होतो ना, मग एकदम 'हो' कसं म्हणायचं?"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला, मग टंकलेखकाला म्हणाल्या, "घ्या लिहून." मी ग्राहक ठरले. गीझर सीलबंद करून सरकारमान्य प्रयोगशाळेत पाठवायचा, दोन्ही बाजूंसमोर उघडायचा, अहवाल मागवायचा. तुझ्या नवऱ्याला खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल वेगळी नोटीस. ती वाचताना त्यांचा आवाज तसाच होता, कमी नाही आणि जास्त नाही. कंपनीचा माणूस त्याआधीच फोन कानाला लावून बाहेर गेला होता. एजन्सीचं काय होणार, ते त्याच्या पाठीवरूनच कळत होतं.

नंतर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. त्या दिवशी माझ्या घरी तो नाव का मागत होता, ते मला अजूनही कळेना. मी म्हटलं, "अरे, माहीत होतं तर मला का छळलंस? नाव सांग, नाव सांग म्हणून?"

"तू सांगतेस का ते बघत होतो."

"आणि सांगितलं असतं तर?"

"तर मला घरी जाऊन तिच्याशी भांडावं लागलं असतं. कुणी तोंडावर सांगितल्यावर न भांडता कसं राहायचं, ते मला येत नाही, ताई."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, बहुधा शहाणपणाचंच असणार. तो म्हणाला, "आता बोलू नकोस हं," आणि जिना उतरला. माझ्याशी त्याचं सगळं नीट झालं, असं समजू नकोस. निरोप न घेता गेला. दुकान वाचेल की नाही ह्याचा हिशोब त्याच्या चालण्यात दिसत होता, आणि त्या हिशोबात माझं नाव आहेच.

पण जे तू त्याच्यापासून लपवलंस ते ठाऊक असल्याचं तोही तुझ्यापासून लपवत होता, आणि आज ते त्याने भर खोलीत, अनोळखी माणसांसमोर, स्वतःच्या तोंडाने बाहेर काढलं. हे त्याने घरी कधीच केलं नसतं. तुझ्यासमोर तर नाहीच. आता तो शहरभर भटकून, पाय दुखले की घरी येईल आणि बेल वाजवील. काय झालं म्हणून विचारू नकोस. आणि वहिनी, पोरीला पाठवू नकोस. दार तू उघड.

तुझी,
ताई